अंबाजोगाईतला दोन रकान्यांचा भाषावर्ग : चार महिन्यांचा अनुभव

माझं तहसीलसमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. माणूस येतो, बाकड्यावर टेकतो, घोटभर पाणी पितो आणि सांगायला लागतो, "ताई, माह्या वावराचा रस्ता अडवलाय त्यानं. बैलगाडी जाईना. पेरणी तोंडावर आलीय, आता म्या करू काय?" मी ऐकते आणि टाईप करते, "माझ्या शेतात ये-जा करण्याचा वहिवाटीचा रस्ता गैरअर्जदाराने अडविला असून मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५(२) अन्वये..." चौदा वर्षं हेच काम करतेय. अर्ज वाचून दाखवला की माणूस मान हलवतो, "हां, हेच म्हणायचं होतं मला."

लिहायचंय ते माझी लेक जाते त्या प्रमाण मराठीच्या वर्गाबद्दल. पण हे आधी सांगितलं, कारण लेकीच्या वहीवर जे घडलं ते मला इतकं का लागलं, हे त्याशिवाय कळायचं नाही.

लेक दुसरीत आहे. गेल्या वर्षी पहिलीत असताना शाळेत चित्र पाहून वाक्यं लिहायला दिली होती. तिनं लिहिलं, "आई भाकर करायली. बाबा मोटार दुरुस्त करायलेत. कुत्रं भुकायलंय." तिन्ही वाक्यांवर लाल फुली आणि खाली शेरा, "अशुद्ध. घरी मराठी बोलत चला." आमच्या घरात मराठीशिवाय दुसरं काही बोललं जात नाही. तो शेरा मी तीनदा वाचला. शाळेचं नाव लिहिणार नाही, कारण अशी वही मराठवाड्यात कुठल्याही घरात सापडेल. पण त्या दिवसापासून लेक वर्गात बोलायची थांबली. बाईंनी विचारलं की खाली बघायची. पालक-सभेत मला सांगितलं, "जरा मंद आहे, लक्ष द्या." घरी हीच पोर आज्जीला दिवसभराच्या गोष्टी सांगून झोपू देत नाही.

एका गिऱ्हाइकानं या वर्गाबद्दल सांगितलं. निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिका आहेत, देवीच्या मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर राहतात, घराच्या पुढच्या खोलीत पहिली ते तिसरीच्या लेकरांना प्रमाण मराठी शिकवतात. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी साडेपाच ते सात, महिन्याला चारशे रुपये. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत लेक तिथं गेली. अजून जातेय.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून बघितलं. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडं "घरात", उजवीकडं "पुस्तकात". शुद्ध-अशुद्ध हे शब्द बाईंच्या तोंडून मी चार महिन्यांत एकदाही ऐकले नाहीत. बाहेर पाऊस चालू होता. बाईंनी विचारलं, "बाहेर काय चाललंय?" सगळी लेकरं एकदम ओरडली, "पाऊस पडायलाय!" बाईंनी ते जसंच्या तसं डाव्या रकान्यात लिहिलं. मग विचारलं, "उन्हाळ्यात ऊन असताना कुणी 'पाऊस पडायलाय' म्हणतं का?" लेकरं हसली, नाही म्हणाली. "मग कधी म्हणायचं?" एक पोरगा म्हणाला, "आत्ता पडत असला की." बाई म्हणाल्या, "शाबास. आणि पावसाळ्यात काय होतं असं विचारलं तर?" "पाऊस पडतो." म्हणजे सहा-सात वर्षांच्या लेकरांनी स्वतःच नियम शोधून काढला : काम आत्ता चालू असेल तर -आयलाय, नेहमीचं असेल तर -तो. तेव्हा कुठं बाई उजव्या रकान्याकडं वळल्या, "आता पुस्तक 'पडायलाय'च्या जागी काय म्हणतं ते शोधू." पाठ्यपुस्तक उघडलं, लेकरांनी बोट फिरवत फिरवत "पडत आहे" हुडकून काढलं. मग खेळ. बाई डावीकडचं म्हणणार, लेकरं उजवीकडचं. रडायली, रडत आहे. खेळायलेत, खेळत आहेत. भुकायलंय, भुंकत आहे. माझ्या लेकीचा हात वर गेला होता. सात महिन्यांनी तिचा हात वर गेलेला मी बघत होते.

वहीसुद्धा तशीच असते. दोनशे पानी वही, प्रत्येक पान उभं मधोमध दुमडलेलं. डावीकडं घरचं, उजवीकडं पुस्तकातलं. येतेत, येतात. माहं, माझं. म्या केलं, मी केलं. सांच्याला, संध्याकाळी. इस्तू, विस्तव. कामून, का.

या शेवटच्या जोडीवर मला थांबायचंय, कारण माझ्या लेकीला "मंद" कशामुळं म्हटलं गेलं ते मला इथं समजलं. शाळेच्या चाचणीत गोष्ट होती : माकड केळी खायला झाडावर चढलं. प्रश्न होता, "माकड झाडावर का चढलं?" लेकीचं उत्तर, "हौ, चढलं." शून्य गुण. बाईंनी तो पेपर हातात घेतला आणि मला विचारलं, "तुमच्याकडं 'का' कधी म्हणतेत?" मी विचार केला. जेवलीस का? आला का? गाडी लागली का? घरात आमचा "का" हा हो-नाही विचारायचा असतो, कारण विचारायला आम्ही "कामून" म्हणतो. म्हणजे लेकीनं प्रश्न वाचला, तिच्या भाषेप्रमाणं समजून घेतला आणि त्याचं बरोबर उत्तर दिलं. तिला गोष्ट पूर्ण कळली होती, तो एक "का" तेवढा आडवा आला होता. शिकवणाऱ्याला हे माहीत असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. माहीत नसेल तर लेकरू वर्षभर मागं राहतं.

ऑगस्टमध्ये बाईंनी पालकांना बोलावलं. आम्ही सोळा-सतरा जण होतो, बहुतेक आयाच. तेव्हा त्यांनी सांगितलं की ही पद्धत त्यांची स्वतःची नाही, अमेरिकेतल्या काळ्या लेकरांना प्रमाण इंग्रजी शिकवताना वापरतात त्यावरून त्यांनी घेतलीय. त्या लेकरांच्या घरी इंग्रजीच असते, पण शाळेच्या इंग्रजीपेक्षा वेगळी. त्यांनी एक उदाहरण दिलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. तिथली लेकरं घरात "शी वर्किंग" म्हणतात आणि "शी बी वर्किंग" पण म्हणतात. पहिल्याचा अर्थ ती आत्ता काम करतेय. दुसऱ्याचा अर्थ ती नेहमी काम करत असते. हा फरक ते कधी चुकवत नाहीत. ऐकणाऱ्या मास्तरला मात्र दोन्ही चुकाच वाटतात. मला लगेच आमचं पडायलाय आणि पडतो आठवलं.

बाईंनी एका खटल्याचंही सांगितलं. अर्ज-दाव्यांत माझा दिवस जातो, त्यामुळं घरी येऊन मी तो शोधून वाचला. मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं गाव आहे, तिथल्या मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर प्राथमिक शाळेतल्या काळ्या लेकरांच्या वतीनं शाळा मंडळावर दावा झाला. निकालापर्यंत अकरा लेकरं त्यात राहिली होती. त्यांना वाचता येत नव्हतं आणि शाळा त्यांना कमी बुद्धीची ठरवत होती. १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला. आधार होता १९७४ च्या समान शिक्षणसंधीच्या कायद्याचा, ज्यात भाषेचा अडसर दूर करायला योग्य पावलं उचलावीत असं म्हटलंय. त्यांनी काळ्यांच्या इंग्रजीत शिकवा असा आदेश दिला नाही. त्यांचं म्हणणं असं की शिक्षकांनी लेकराची घरची बोली ओळखायला शिकलं पाहिजे आणि वाचन शिकवताना ती लक्षात घेतली पाहिजे. मंडळानं त्यासाठी शिक्षकांना तयार करावं. हे वाचताना मला लेकीच्या वहीवरचा तो शेरा दिसत होता. तिकडं लेकरांच्या आया कोर्टात गेल्या. मी शाळेत जाऊन एक शब्द बोलले नव्हते. त्याची खंत आहे.

तिकडंही हे सोपं गेलेलं नाही. १९९६ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा मंडळानं लेकरांच्या घरच्या बोलीची दखल घेऊन प्रमाण इंग्रजी शिकवायचा ठराव केला, तर देशभर गदारोळ झाला. शाळेत आता गावठी इंग्रजी शिकवणार, असा लोकांनी अर्थ काढला. महिन्याभरात, जानेवारी १९९७ मध्ये, अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञांच्या संघटनेला ठराव करून सांगावं लागलं की ही बोली इतर कुठल्याही बोलीसारखीच नियमानं चालते. शिकागोजवळच्या अरोरा विद्यापीठात हॅनी टेलर यांनी शिकवायच्या दोन पद्धती ताडून बघितल्या होत्या. जिथं दोन्ही भाषा शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवला, तिथं विद्यार्थ्यांच्या लेखनात घरच्या बोलीची रूपं ५९ टक्क्यांनी कमी झाली. जिथं नेहमीच्या पद्धतीनं शिकवलं, तिथं ती साडेआठ टक्क्यांनी वाढली. ते विद्यार्थी कॉलेजचे होते, आपली लेकरं दुसरीतली आहेत, हा फरक मी विसरत नाही. पण व्हर्जिनियात रेबेका व्हीलर या प्राध्यापिका आणि रॅचेल स्वॉर्ड्स या शिक्षिका यांनी हेच दोन रकान्यांचे तक्ते प्राथमिक शाळेतल्या लेकरांबरोबर वापरलेत. बाईंचा फळा तिथून आलाय.

पालकांच्या बैठकीत हे सगळं ऐकून एक दादा उठले, म्हणाले, "बाई, आम्ही पैसे शुद्ध बोलायला शिकवायचे देतो. घरचं तर लेकराला येतंच की." ते पुढच्या महिन्यापासून लेकराला पाठवायचे थांबले. त्यांचं म्हणणं मी समजू शकते. पुण्याला कामाला गेलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात "कुठले हो तुम्ही?" असं विचारलं जातं, ते त्यांनी सोसलेलं असणार. माझ्या सासूबाईही सुरुवातीला हेच म्हणाल्या. मग बाईंनी त्यांनाच वर्गात गोष्ट सांगायला बोलावलं. त्यांनी त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे पूर्ण बोलीत, विहिरीतल्या भुताची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी लेकरांनी तीच गोष्ट पुस्तकाच्या भाषेत लिहिली आणि शेवटी दोन्ही गोष्टी मोठ्यानं वाचल्या. सासूबाई म्हणाल्या, "पुस्तकातली चांगली हाय, पन भूत माह्या गोष्टीतलंच भ्या दाखवतं." त्या दिवसापासून नातीला वर्गाला सोडायला त्याच जातात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. वहीच्या शेवटी काही पानं न दुमडलेली ठेवायची असतात. त्यांच्यावर एकच रकाना. तिथं जे शब्द जातात त्यांना पाठ्यपुस्तकात जोडीदार सापडलेला नाही. माळवद, म्हणजे घराचं मातीचं सपाट छत. ढाळज, म्हणजे वाड्याच्या दारातली बसायची ओसरी. येळवस. लेकरांनी शब्द लिहायचा आणि शेजारी चित्र काढायचं. माझं माहेर लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातलं, तिथं मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं घर रानात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून पूजा होते, आंबिल आणि भज्जी असते. तीच येळवस. आमच्या बोलण्यात "येळ" म्हणजे "वेळ", म्हणून एका पोरानं उजवीकडं "वेळवस" लिहिलं. बाईंनी ते खोडायला लावलं नाही. त्याला विचारलं, "असं कुणी म्हणताना ऐकलंस?" त्यानं विचार करून स्वतःच खोडलं आणि पान बदललं.

माहेरचं निघालंच तर अजून एक. रेणापूरकडं आम्ही "काय करलालास?" म्हणतो, इकडं सासरी "काय करायलास?" म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा नणंदा हसायच्या. लेकीनं हे ऐकून वहीत घरच्या रकान्याचेच दोन भाग केले, "मामाकडं" आणि "आपल्याकडं". बाईंनी ते पान सगळ्या वर्गाला दाखवलं.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या.

वाचनाचा सराव कमी पडतो. पहिला सगळा महिना बोलण्यात आणि खेळात गेला. लेकरांची भीड मोडायला ते लागतं हे मान्य, पण जुलैत शाळेची चाचणी आली तेव्हा लेकरं सलग परिच्छेद वाचायला तयार नव्हती. मी बाईंना तसं बोलले, त्यांनी ऑगस्टपासून शेवटची वीस मिनिटं वाचनाला दिली. ती अजून वाढवायला हवीत.

न आणि ण हा भाग मला कच्चा वाटला. आमच्याकडं पानी, लोनी, कोन असंच म्हणतात. बाई उच्चार सुधारत नाहीत, फक्त लिहिताना ण आणायला लावतात. मन आणि मण, खान आणि खाण अशा जोड्या कानानं ओळखायचा खेळ घेतात. चांगला आहे, पण आठवड्यातून एकदाच. लेक अजून श्रुतलेखनात अंदाजानं ण टाकते, कधी कधी नको तिथंही. परवा तिनं "माणव" लिहिलं. मला वाटतं हे रोज दहा मिनिटं व्हायला हवं.

बाईंनी सरावाची पुस्तिका काढलीय, पन्नास रुपयांची. मजकूर उत्तम आहे. छपाई इतकी फिकट की ण आणि न मधला फरक तिच्यात दिसत नाही, आणि नेमका तोच धडा आहे. मी माझ्या दुकानातून नवीन प्रत टाईप करून देते म्हणाले आहे, त्यांनी होकार दिलाय. दिवाळीनंतरच्या तुकडीला ती मिळेल.

खोली लहान आहे. बावीस लेकरं बसतात, वीज गेली की घामानं निथळतात. मागच्या ओळीतल्या लेकरांना फळ्याचा डावा भाग कपाटामुळं दिसत नाही. लेकरू बुटकं असेल तर पुढं बसवायला आधीच सांगा.

आणि दोन गोष्टी, ज्या बाईंच्या एकट्यानं सुटायच्या नाहीत, पण लिहायलाच हव्यात. वर्गात बंजारा तांड्यावरच्या दोन बहिणी आहेत. त्यांच्या घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा लोकांची भाषा, बोलतात. ती मराठीची बोली नाही, वेगळी भाषा आहे. फळ्यावरचा डावा रकाना त्यांचा नाही. त्या आधी आमची बोली शिकतात, मग पुस्तकाची, म्हणजे त्यांना दोन पायऱ्या चढाव्या लागतात. बाईंना गोरमाटी येत नाही. त्या मोठ्या बहिणीला विचारून तिसरा रकाना भरायचा प्रयत्न करतात, पण व्याकरण कसं चालतं हे सात वर्षांच्या पोरीला विचारून किती कळणार? तांड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या मुलीला बाईंनी मदतीला घ्यावं, त्यासाठी फी पन्नास रुपये वाढली तरी माझी हरकत नाही.

दुसरं म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन घरंच्या घरं कारखान्यांकडं निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वर्गातली तीन लेकरं आता जायच्या तयारीत आहेत. त्यातल्या एकानं "म्या"चं "मी" आत्ता कुठं पक्कं केलंय. बाईंनी त्यांना दुमडलेल्या वह्या भरून दिल्यात आणि आई-बापाच्या फोनवर रोज एक वाक्य आवाजात पाठवणार आहेत. फडात रेंज किती लागेल आणि दिवसभर राबून आलेली आई ते वाक्य कधी ऐकवेल, याची मला काळजी आहे. त्यांच्यासाठी एप्रिल-मेमध्ये वेगळी तुकडी घ्या, असं मी त्यांना सुचवलंय.

फायदा झाला का, असं दुकानात येणारे विचारतात. गेल्या महिन्यात लेकीनं मामाला पत्र लिहिलं. अकरा ओळी, सगळ्या पुस्तकाच्या भाषेत. "आजी अंगणात बसली आहे. मी अभ्यास करत आहे. तुम्ही दिवाळीला या." एक वेलांटी चुकली होती, बाकी नीट. खाली रेघ मारून तिनं अजून एक ओळ लिहिली होती, "मामा लवकर ये, म्या वाट बघायली." मी ते पत्र तसंच पाकिटात घातलं.

शाळेत ती अजून फार बोलत नाही. पण परवा शाळेतल्या बाईंनी काही विचारलं तेव्हा तिनं उभी राहून उत्तर दिलं, असं तिच्या मैत्रिणीनं घरी येऊन सांगितलं. काय उत्तर दिलं ते लेकीनं मला सांगितलं नाही. लाजली.

ज्यांची लेकरं पहिली-दुसरीत आहेत आणि ज्यांच्या वह्यांवर लाल फुल्या पडतायत, त्यांनी इथं जरूर जावं. तिसरीच्या पुढच्यांसाठी सध्या काही नाही. परीक्षेत गुण वाढवून हवे असतील आणि तेही महिन्याभरात, तर हा वर्ग त्यासाठी नाही, बाई तसं तोंडावर सांगतात. नवीन तुकडी दिवाळीची सुट्टी संपली की सुरू होतेय. पत्ता हवा असेल तर तहसीलसमोरच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याला विचारा, दोन रकान्यांच्या बाई म्हटलं की सांगतात. येताना दोनशे पानी वही आणा आणि पहिली दहा पानं घरीच दुमडून आणा, नाहीतर पहिला दिवस त्यातच जातो.